‘तितली’ : मुलगा जेव्हा बापासारखाच होऊ लागतो

आमच्या घरात एक वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू येतं, ‘‘आई, बाबांना सांग...’’ बाबा समोरच सोफ्यावर असतात, दादा जेवणाच्या टेबलाशी, तरी निरोप स्वयंपाकघरातून फिरून जातो. उत्तरही त्याच वाटेने येतं, ‘‘त्याला म्हणावं, स्वतःचं बघ.’’ आई पोळ्या लाटता लाटता दोघांचं पोस्ट ऑफिस चालवते.

गेल्या शनिवारी बाबा झोपल्यावर मी आणि दादाने ‘तितली’ पाहिला. सिनेमा जुना आहे, पण बाप-मुलाच्या नात्यावर इतकं खरं बोलणारी गुन्हेगारी कथा हिंदीत क्वचितच आली असेल. म्हणून या वेळचा स्तंभ त्याच्यावर.

आपल्या दिल्लीची गोष्ट

कनू बहल यांचा हा पहिला सिनेमा. 2014 मध्ये तो कान महोत्सवाच्या ‘अं सर्तं रगार’ विभागात दाखवला गेला आणि 2015 च्या ऑक्टोबरअखेर आपल्याकडे प्रदर्शित झाला. निर्मिती दिबाकर बॅनर्जी आणि यशराज फिल्म्सची. पण यशराज म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी मोहरीची शेतं इथे नाहीत. इथे आहे दिल्लीतली अरुंद गल्ली, अंधारी खोली आणि त्यात कोंबलेले चार पुरुष. वडील आणि तीन भाऊ.

थोरला विक्रम मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड आहे. मधल्याला सगळे बावला म्हणतात. रात्री हे भाऊ रस्त्यावर गाड्या लुटतात, मारहाण करतात. धाकट्या तितलीला यातून बाहेर पडायचं आहे. त्याचं स्वप्न केवढं, तर बांधकाम चालू असलेल्या एका मॉलचं पार्किंग चालवायला घ्यायचं. त्यासाठी हवेत तीन लाख रुपये. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममध्ये राहणाऱ्या कुणालाही हे स्वप्न लगेच कळेल. इथे दर महिन्याला नवी इमारत उभी राहते आणि तिच्या सावलीत कुणीतरी आपल्यापुरती जागा शोधत असतं.

तितली पळून जाऊ नये म्हणून घरचे त्याचं लग्न लावून देतात. शिवाय टोळीत एक बाई असली तर काम सोपं होईल, हा हिशोबही आहेच. पण नवी नवरी नीलू कच्ची नाही. तिचं प्रेम दुसऱ्यावर आहे आणि तिच्या नावावर अडीच लाखांची मुदत ठेव आहे. मग नवरा-बायकोत सौदा ठरतो. तिने पैसे द्यायचे, त्याने तिला तिच्या माणसापर्यंत पोहोचवायचं.

गप्प बसलेला बाप

या सगळ्यात वडील काय करतात? जवळजवळ काहीच नाही. ते बसलेले असतात, खात असतात, बघत असतात. घरात आरडाओरडा, हाणामारी विक्रम करतो. सुरुवातीला वाटतं, बिचारा म्हातारा मुलांपुढे हतबल आहे. हळूहळू लक्षात येतं की विक्रम जो झाला आहे, तो या घरातच झाला आहे. बापाचा हात थकला, पण त्याची जागा थोरल्या मुलाने घेतली.

आणि तितली? त्याला यांच्यासारखं अजिबात व्हायचं नाही. तरीही भावांच्या हाती पैसे लागू नयेत, नीलूला सही करता येऊ नये म्हणून तो तिच्या हाताला सुन्न करण्याचं इंजेक्शन देतो आणि हातोड्याने तिचा हात मोडतो. हे पाहताना मी तोंड फिरवलं. ज्या घरातून तो पळतो आहे, ते घर त्याच्या हातात आधीच येऊन बसलं आहे.

दिग्दर्शकाने ही गोष्ट आणखी साध्या प्रसंगातून सांगितली आहे. घरातले पुरुष सकाळी दात घासताना मोठमोठ्याने खाकरतात. सगळ्यांची पद्धत एकच. रागही तसाच पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, कुणी न शिकवता.

पडद्यामागचे बाप-लेक

विशेष म्हणजे वडिलांची भूमिका ललित बहल यांनी केली आहे. ते कनूचे खरे वडील. ते स्वतः अभिनेते, दूरदर्शनसाठी टेलिफिल्म करणारे दिग्दर्शक. वडिलांशी असलेलं आपलं नातं अवघड होतं आणि त्यातूनच या कथेचं बीज आलं, असं कनू यांनी मुलाखतींमधून मोकळेपणाने सांगितलं आहे. असा मुलगा कॅमेऱ्यामागे आणि तोच बाप कॅमेऱ्यासमोर. विचार करा, ‘‘बाबा, तुमचा हा भाग तुम्हीच करून दाखवा,’’ असं म्हणायला मुलाला किती धीर लागला असेल आणि ‘हो’ म्हणायला बापाला त्याहून किती जास्त!

पुढे ललित बहल यांनी ‘मुक्ती भवन’मध्ये शेवटचे दिवस काढायला काशीला निघालेला बाप साकारला. सोबत जाणारा मुलगा होता आदिल हुसेन. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत ललितजी गेले. मुलाला त्यांच्याशी जे बोलायचं होतं त्यातलं थोडं तरी तो सिनेमातून बोलून घेऊ शकला होता, याचं मला बरं वाटलं.

न बोललेल्या गोष्टींची किंमत

घरी मोठी माणसं असतील, तर त्यांना 1982 चा ‘शक्ती’ आठवत असेल. लहानग्या विजयचं अपहरण होतं आणि पोलीस अधिकारी असलेले वडील फोनवर गुंडांपुढे झुकायला नकार देतात. विजय ते ऐकतो. वडिलांना आपण नको आहोत, हे त्याच्या मनात कायमचं कोरलं जातं. दिलीपकुमार आणि अमिताभ शेवटी एकमेकांवरचं प्रेम कबूल करतात, पण तेव्हा बापाची गोळी मुलाला लागलेली असते.

दोन्ही सिनेमांत गुन्हा नंतर येतो. आधी येतो घरातला अबोला. आपल्या घरांत पिस्तूल नसतं, गाड्याही कुणी लुटत नाही. पण ‘मी त्यांच्यासारखा होणार नाही’ असं म्हणणारा मुलगा आपल्याकडेही असतो आणि ‘त्याला काय सांगायचं, तो ऐकतोय थोडाच’ म्हणणारा बापही.

वाचकांनो, ‘तितली’ लहान मुलांसोबत पाहण्यासारखा नाही. हिंसा आणि शिव्या भरपूर आहेत. पण मोठ्या झालेल्या मुलांसोबत जरूर पाहा आणि संपल्यावर टीव्ही बंद करून लगेच उठू नका.

आम्ही उठलो नाही. बराच वेळ गप्प राहून दादा म्हणाला, ‘‘मीपण बाबांसारखाच खाकरतो ना गं?’’

मी म्हटलं, ‘‘अगदी तसाच. आणि रागावलास की दारही तसंच आपटतोस.’’

तो हसला नाही.

दादाला पुण्यात नोकरी लागली आहे. येत्या रविवारी निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने तो जाणार. हे बाबांना अजून आईकडूनच कळलं आहे. काल त्याने पुन्हा सुरुवात केली, ‘‘आई, बाबांना सांग...’’ या वेळी आईने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘‘समोर बसलेत. तूच सांग.’’

दादा उठला. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. पुढे दोघं काय बोलले, ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम आत गेले.