मुलुंडात ऊब कशाला?

‘ट्रान्झिस्टर’ या शब्दाला आपल्या मध्यमवर्गात एके काळी मोठा मान होता. जावयाला ट्रान्झिस्टर दिला की सासऱ्यांची कॉलर ताठ व्हायची, आणि तो खांद्याला अडकवून जावई चौपाटीवर निघाला की जावयाची. तोच शब्द आज गिटारवाल्यांच्या जगात शिवी होऊन बसला आहे. “अरेरे, ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर होय तुमचा?” असं ते ज्या सुरात विचारतात, त्या सुरात आमच्या सोसायटीत फक्त “अरेरे, शुगर निघाली होय तुम्हाला?” एवढंच विचारलं जातं.

या मंडळींच्या मते खरा आवाज एकच, तो म्हणजे व्हॉल्व्हचा. काचेच्या नळ्या, आत लालसर तापलेली तार, बटण दाबल्यावर अर्धा मिनिट हात जोडून उभं राहायचं आणि मग दर्शन. त्या आवाजाला म्हणे ‘ऊब’ असते. ट्रान्झिस्टरचा आवाज ‘थंड’.

माझा पहिला आक्षेप या उबेलाच आहे. लंडन-शिकागोला जानेवारीत बोटं आखडतात, तिथे ऊब हवी हे मला समजतं. पण मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता, मुलुंडच्या दहा बाय बाराच्या खोलीत ऊब? अहो, आम्ही पंख्याखालून पाऊलभर सरकत नाही, आणि हे भले गृहस्थ शेगडी पेटवून तिच्यासमोर गिटार घेऊन बसतात! वर घाम पुसत आम्हालाच सांगतात, “काय ऊब आहे पाहिलंत?” पाहिली. बनियन भिजलं तुमचं.

आता हा मुद्दा शास्त्रीय नाही, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, शास्त्रात शिरू. मी कॉमर्सचा असल्यामुळे जपून शिरतो.

ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की आवाज फाटतो. व्हॉल्व्ह फाटताना लाटेचं डोकं हळूहळू दाबतो, गोलसर करतो. म्हणून ते फाटणंही कानाला गोड लागतं. ट्रान्झिस्टर शेवटपर्यंत लाट जशीच्या तशी मोठी करत नेतो आणि मर्यादा आली की खाटकन डोकं सपाट छाटतो. ते कर्कश लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्ह म्हणजे जुना, ओळखीचा मॅनेजर. “असू दे हो, या वेळी थोडं जास्त काढा, पुढच्या महिन्यात बघू,” म्हणणारा. ट्रान्झिस्टर म्हणजे काउंटरवरचा कॉम्प्युटर. शिल्लक संपली, चेक परत! इंग्रजीत गिटारच्या या फाटण्याला ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात आणि आमच्याकडे त्याला ‘ओव्हरड्राफ्ट’ म्हणतात. दोन्हींची चटक लागलेला माणूस सारखाच बोलतो.

तेव्हा फाटण्याच्या बाबतीत व्हॉल्व्ह श्रेष्ठ, हे मला मान्य. पण माझा साधा सवाल असा, की खात्यात पैसे असताना काय? तेव्हा दोघांकडून नोटा तितक्याच मिळतात! आणि आपल्या गाण्यांचा बहुतेक व्यवहार शिलकेच्या आतलाच असतो. सुनील गांगुली किंवा व्हॅन शिपली यांच्या गिटारच्या तबकड्या ज्या घरात वाजल्या, त्या घराला हे सांगायला नको. तिथे तारेवरून गळ्यासारखी मींड घ्यायची असते, सूर लांबवायचा असतो. चाल ओळखू आली पाहिजे, शेजारच्या आजींनी मान हलवली पाहिजे. फाटायचंय कुणाला?

मग ट्रान्झिस्टरची ही बदनामी आली कुठून? तीही ऐका. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधला. १९६६ साली फेंडर या बड्या कंपनीने गिटारचे ट्रान्झिस्टरवाले ॲम्प्लिफायर मोठ्या थाटात बाजारात आणले. ते इतके नादुरुस्त होऊ लागले की पाचएक वर्षांत दुकान गुंडाळावं लागलं. झालं! एका शाखेतल्या गोंधळावरून साऱ्या बँकेचं नाव खराब. पुढे १९७५ साली जपानच्या रोलंड कंपनीने ‘जॅझ कोरस’ काढला. साठ-साठ वॅटचे दोन भाग, बारा-बारा इंची दोन स्पीकर आणि आत सगळे ट्रान्झिस्टर. एका स्पीकरमधून मूळ सूर येतो, दुसऱ्यातून त्याचाच किंचित मागे-पुढे डुलणारा जुळा भाऊ. दोन्ही खोलीतल्या हवेत भेटतात आणि एका गिटारची दोन वाटू लागतात. इतका स्वच्छ आवाज, की त्याची मागणी अजून संपलेली नाही. आणि ज्या ब्लूजच्या नावाने ही उबेची आरती चालते, त्या ब्लूजचा राजा बी. बी. किंग? तो वर्षानुवर्षं ‘लॅब सिरीज एल-५’ वर वाजवत होता. तोही ट्रान्झिस्टरचाच. हे सांगितलं की व्हॉल्व्हभक्त म्हणतात, “त्याची गोष्ट वेगळी, ऊब त्याच्या बोटांत होती.” अहो, मी दुसरं काय म्हणतोय?

माझ्याकडचा ॲम्प्लिफायर मामाचा. ऐंशीच्या दशकात मामा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आज घाटकोपर, उद्या बोरिवली, परवा अंधेरी. गणपतीचे दहा दिवस घरी फक्त आंघोळीला. ज्या मंडळाकडे ‘आहुजा’ असेल तिथे गिटारची वायर सरळ त्यात. नसेल तिथे हा लाकडी खोका. लॅमिंग्टन रोडवरच्या कुणा कारागिराने जुळवलेला, नाव ना गाव. पाठीला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टू-एन ३०५५ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, डबीएवढे. मामा तो लोकलच्या सामानाच्या डब्यातून, कोथिंबिरीच्या गाठोड्यांना टेकवून न्यायचा. काचेच्या नळ्यांनी हा प्रवास एक दिवस तरी केला असता का? दादरलाच विसर्जन झालं असतं.

शिवाय व्हॉल्व्हची ती सुप्रसिद्ध गोडी हळू आवाजात पुरती येतच नाही. मोठा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर दमेपर्यंत पिळावा लागतो. आणि कायदा काय सांगतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. म्हणजे गोडी सुरू होण्याआधीच सोसायटीचे सेक्रेटरी सुरू होतात. मामाचा खोका रात्री जेवणानंतर अगदी बारीक आवाजातही तसाच स्वच्छ वाजतो. भिंतीपलीकडे कुकरची शिटी ऐकू जाते, गिटार नाही.

पण खरं भांडण माझं आवाजाचं नाहीच. या ‘थंड’ म्हणून हिणवलेल्या खोक्यांना आता घराघरांतून भंगारात काढताहेत, त्याचं आहे. ऑर्केस्ट्रे संपले, वाजवणारे मामा म्हातारे झाले किंवा गेले, आणि माळ्यावरचा खोका सुनेला जड झाला. भंगारवाला त्याचं वजन करतो. बिचाऱ्याच्या काट्याला सूर कळत नाहीत. आणि नवीन आणाल त्यात काय असतं? मुंगीएवढे भाग चिकटवलेली पाटी. बिघडलं की “साहेब, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल,” आणि बोर्ड येत नाही. जुन्यात गुरगुर आली तर बहुधा पॉवर सप्लायचा कपॅसिटर वाळलेला असतो. बटण फिरवताना खरखरलं तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ असते. ट्रान्झिस्टर जळला तर दोन स्क्रू काढून, खालचा अभ्रकाचा तुकडा जपून दुसरा बसवता येतो. एक माणूस, एक मल्टिमीटर, एक कावीळ झालेला दिवा. एवढ्यावर हे काम होतं. असा माणूस तुमच्या स्टेशनच्या आसपास अजून एखादा उरला असेल. खोके गेले की तोही जाईल, आणि मग व्हॉल्व्ह दुरुस्त करायलाही कुणी मिळणार नाही, हे त्या उबदार मंडळींनी लक्षात ठेवावं.

तेव्हा वाचकहो, या रविवारी माळ्यावर चढा. खोका सापडला तर लगेच प्लग खुपसू नका. चाळीस वर्षं झोपलेल्याला एकदम उठवू नये. आधी त्या मल्टिमीटरवाल्याला दाखवा, चार पैसे त्याच्या हातावर ठेवा, मग वायर लावा आणि एक तार छेडा. आवाज स्वच्छ येईल. आणि ऊब हवीच असेल, तर खिडकी उघडा. मुलुंडला ती फुकट मिळते.