कुमारिकेची पूजा आणि गर्भाची पारख

शारदीय नवरात्रास प्रारंभ झाला की घरोघरी घट बसतात, नंदादीप तेवू लागतो, घटाखालच्या मातीत धान्य पेरले जाते. अष्टमी-नवमीस दोन ते दहा वर्षांच्या कुमारिकांना पाटावर बसवून त्यांचे पाय धुतले जातात. जगदंबेचे हे सगुण रूप, अशी आपली श्रद्धा आहे. या मंगल पर्वात एक अप्रिय विषय आम्ही काढीत आहोत, त्याबद्दल वाचकांनी रोष मानू नये.

१९५८ साली ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनितरंगांच्या साह्याने पोटातील गाठी व गर्भ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. धातूतील भेगा हुडकणारे तंत्र त्यांनी मातेच्या सेवेस लावले. आडवे मूल, जुळे, खाली सरकलेली वार, गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ हे आता वेळीच कळते आणि कित्येक लेकी-सुना सुखरूप घरी परततात. अशा विद्येस शाप मानणे ही कृतघ्नता होय.

परंतु त्याच पडद्यावर मुलगी दिसते आणि तिची वाट तेथेच खुंटते. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा केला; केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ व २०११ साली ८९४ झाल्या. ज्या वयाच्या बालिकांचे आपण पाय धुतो, त्यांतीलच ही तूट आहे.

यंत्रास आवडनिवड नसते. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर देते. प्रश्न मात्र देवघरापासून चार पावलांवर जन्म घेतो. लोभी वैद्य दोषी आहेच, पण गिऱ्हाईक नसेल तर दुकान चालत नाही. ‘वंशाला दिवा हवा’ ही इच्छा जुनीच. विज्ञानाने तिच्या हाती शस्त्र दिले, एवढेच. म्हणून विज्ञानाचे सामर्थ्य जितके वाढेल, तितकी ते वापरणाऱ्या मनाची शुद्धी अधिक निकडीची ठरते.

घटाखाली पेरलेले धान्य आपण उकरून पाहत नाही. जे उगवेल ते देवीचा प्रसाद म्हणून दसऱ्यास मस्तकी धारण करतो. यंदा कुमारिकेचे पाय धुताना गृहस्थाने व गृहिणीने एवढाच संकल्प सोडावा, की आमच्या घरी तो प्रश्न कोणी विचारणार नाही आणि सुनेवर तशी वेळ येऊ देणार नाही. त्याविना ही पूजा देवीस पोहोचेल, असे आम्हांस वाटत नाही.