आम्ल आपला वैरी नव्हे

'डॉक्टरसाहेब, ॲसिडिटीची रोजची गोळी संपली, तेवढी लिहून द्या,' हे वाक्य दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. जठरातील आम्ल म्हणजे जणू अंगात शिरलेला वैरीच! माझे मत उलट आहे. आम्ल हा आपला पहारेकरी आहे आणि कारण नसताना रोज गोळी घेऊन आपण त्याला झोपवतो.

मुळात पचन पोटात नव्हे, तोंडात सुरू होते. दिवसाकाठी साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातील टायलिन पिष्टमय पदार्थांची साखर करू लागते. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा सावकाश चावून पाहा. थोड्या वेळाने तो गोड लागेल. घास न चावता पाण्याबरोबर ढकलला, की हे काम अर्धवट राहते.

पुढचे काम जठराचे. तेथे रोज सुमारे दोन लिटर रस पाझरतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, अन्न जठरात पोहोचण्यापूर्वीच हा रस सुटू लागतो. पचनावरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच जेवताना लक्ष ताटात असावे, टीव्ही-मोबाईलमध्ये नव्हे.

जठरातील आम्लामुळे पेप्सिन कामाला लागते आणि डाळ, दूध, मटण यांतील प्रथिने फुटू लागतात. अन्नपाण्यातून आलेले पुष्कळसे जंतूही हेच आम्ल मारते. उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरचे पाणी प्यावे लागते, तेथे या पहारेकऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व मोकळे व्हायलाही आम्ल लागते. शाकाहारी माणसाला ते आधीच कमी मिळते. त्यात वर्षानुवर्षे आम्ल दाबून ठेवले, तर थकवा आणि हातापायांना मुंग्या येण्याची वेळ येऊ शकते.

याचा अर्थ गोळी वाईट, असा नाही. अल्सर असलेल्यांना, छातीत सतत जळजळ होणाऱ्यांना किंवा ॲस्पिरिनसारखी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना ती आवश्यकच असते. त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. मात्र 'किती दिवस घ्यायची?' हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी हा उपचार नव्हे.

काळी शौचास होणे, गिळताना त्रास, कारण नसताना वजन घटणे, ही लक्षणे गोळीखाली झाकू नका. छातीत दाटून घाम फुटला, तर 'गॅस झाला असेल' म्हणत घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

बाकीच्यांनी आधी एवढे करून पाहावे: रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकावे, तिखट-तेलकट बेताने खावे, तंबाखू सोडावी आणि घास नीट चावावा. अनेकांची गोळी एवढ्यानेच सुटेल.