रक्तशुद्धीतील अधिशोषक पदार्थ

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तातील अथवा अपोहन द्रावातील (डायलिसिसच्या द्रावातील) विषारी द्रव्ये आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थांना रक्तशुद्धीतील अधिशोषक पदार्थ म्हणतात. सक्रिय कोळसा, विशिष्ट रेझिने व झिर्कोनियमची संयुगे हे त्यांतील प्रमुख होत.

इतिहास
१९६४ साली ग्रीक वैद्य याट्झिडिस यांनी रुग्णाचे रक्त थेट कोळशातून वाहवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात क्रिएटिनिन व यूरिक आम्ल कमी झाले. युरिया मात्र रक्तातच राहिला. कोळशामुळे रक्तातील बिंबिकांची (प्लेटलेटची) हानी होत असे. त्यावर कॅनडातील टॉमस चांग यांनी कोळशाच्या कणांना पातळ पटलाचे वेष्टन देण्याचा उपाय शोधला.

कार्यपद्धती
१९७०च्या दशकातील ‘रेडी’ प्रणालीत रक्ताऐवजी वापरलेला अपोहन द्राव शुद्ध केला जाई. युरिएज हे विकर युरियाचे विघटन करून अमोनियम तयार करते. झिर्कोनियम फॉस्फेट ते धरून ठेवते. त्याच वेळी कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियमही शोषले जात असल्याने हे क्षार द्रावात पुन्हा घालावे लागतात. सुमारे सहा लिटर पाणी फिरवून उपचार पूर्ण होत असे.

मराठवाड्यातील संदर्भ
प्रचलित अपोहनात मिनिटाला ५०० मिलिलिटर द्राव लागतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीस १२० लिटर. आरओ संयंत्रातून वाया जाणारे पाणी याहून वेगळे. छत्रपती संभाजीनगर शहराची तहान मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते, तर २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी मोफत अपोहनाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. अपोहन यंत्रांची संख्या वाढते तशी शुद्ध पाण्याची गरजही वाढते. टंचाईच्या प्रदेशात अधिशोषक तंत्राचे महत्त्व यामुळेच आहे.

मर्यादा
अधिशोषक पात्राची क्षमता मर्यादित असते. ते संपृक्त झाल्यावर बदलावे लागते. पाण्याची बचत होते, पण खर्चाचा भार पात्रावर जातो. त्यामुळे सार्वजनिक रुग्णालयांत ही पद्धत रुजण्यासाठी पात्राची किंमत आणि नियमित पुरवठा हे प्रश्न निर्णायक ठरतात. दुसरीकडे, अपोहन केंद्रांच्या जलशुद्धीकरण संयंत्रात सक्रिय कोळसा आजही अनिवार्य आहे. तो नळाच्या पाण्यातील क्लोरीन व क्लोरामाइन काढतो. ही द्रव्ये द्रावात उतरल्यास रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पाण्याचा स्रोत बदलल्यावर, विशेषतः टँकरचे पाणी घेताना, या गाळणीची तपासणी रुग्णाच्या जिवाशी निगडित असते.