अनोळखी कान

‘गावाला कशाला हवा फोनवरचा मानसोपचार? पडवीत चार माणसं बसली की मन मोकळं होतं.’ कोकणाचा विषय निघाला की हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. आणि तो करणारा बहुधा मुंबईत असतो.

त्याने कोरोनाकाळातला २०२० चा मे आठवावा. मुंबईचे चाकरमानी गावोगाव परतत होते आणि ज्यांच्या पडवीत बसायचं, तेच त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. शाळेत विलगीकरणात पडलेल्याने धास्ती सांगायची कुणाला? नोकरी गेल्याचं भावकीत बोललं की संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. पडवीचा आधार खरा आहे, पण तिथे गुपित टिकत नाही. काही गोष्टी अनोळखी कानालाच सांगता येतात.

फोनला रेंज नसते हा आक्षेप मात्र वजनदार. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडचा किनारा झोडपला. दापोली तालुक्यातलं केळशी गावही त्यातच. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद. त्या दिवसांत ऑनलाइन मदत शून्य होती, हे मान्यच करायला हवं. पण नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं जातात. टॉवर सुरू झाला तरी बागायतदाराची झोप काही परत आली नाही. मदतीची गरज त्या पुढच्या लांबलचक काळात होती, आणि तेव्हा फोन चालू होता.

‘प्रत्यक्ष भेटीची सर नाही’ म्हणणाऱ्यांनी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं अंतर मोजावं. केळशीहून शंभर किलोमीटरांहून अधिक, आणि टाळेबंदीत एसटीच बंद!

सरकारही सुस्तच. ‘किरण’ ही मराठीसह तेरा भाषांतली हेल्पलाइन ७ सप्टेंबर २०२० ला आली. वादळाला तोवर तीन महिने उलटले होते. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नुसता क्रमांक मात्र पुरत नाही. व्हिडिओचा हट्ट सोडून साधा आवाज हवा. पुन्हा फोन केल्यावर पहिल्यापासून कहाणी सांगायला लागू नये, तेच माणूस पलीकडे असावं. प्रत्येक वेळी डॉक्टरच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित सामान्य माणसांकडून नैराश्यावर समुपदेशन करवून त्याचा उपयोग चाचण्यांनी दाखवला आहे. आशाताईंना हे शिकवता येईल, अर्थात त्यांच्या मानधनात भर घालून. फुकटात आणखी एक रजिस्टर त्यांच्या माथी मारून नव्हे.

आणि पुढचं वादळ टॉवर पाडील, तेव्हा फोनवर मदत घेणाऱ्यांपैकी कोणाच्या दारात कोण जाणार, हे गावाच्या आपत्ती आराखड्यात पावसाळ्याआधीच नावानिशी लिहिलेलं हवं.