मुलांचे टॉन्सिल आणि अर्धवट औषध



मुलाचा घसा दुखू लागला, अंगात ताप भरला की घरातल्या बाईची त्या दिवसाची रोजी बुडते. धुण्याभांड्याची कामे, वीटभट्टी, नाक्यावरची मजुरी. यात पगारी रजा कुठली? मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात. ताप उतरतो, मूल खेळायला लागते आणि डॉक्टरांनी दिलेल्या जुन्या गोळ्यांबरोबर या उरलेल्या गोळ्याही डब्यात पडतात. बऱ्याच वेळा यातून काही बिघडत नाही, कारण तो आजार आपोआप बरा होणाराच असतो. पण काही वेळा या अर्धवट औषधाची किंमत मुलाच्या हृदयाला मोजावी लागते. म्हणून टॉन्सिलच्या दुखण्याची नीट माहिती करून घेऊ.

टॉन्सिल म्हणजे काय?

मुलाला उजेडात बसवून मोठा ‘आ’ करायला सांगा. घशाच्या मागे दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन गाठी दिसतील. त्या टॉन्सिल. मध्ये लोंबते ती पडजीभ. दोहोंचा घोटाळा करू नये. तोंडावाटे आणि नाकावाटे शिरणाऱ्या रोगजंतूंना अडवणे हे टॉन्सिलचे काम. लहान वयात त्या मोठ्याच असतात आणि वय वाढते तशा लहान होत जातात. तेव्हा नुसत्या मोठ्या दिसल्या म्हणून घाबरू नये. त्या लाल होऊन सुजल्या, गिळताना दुखू लागल्या, ताप आला, म्हणजे टॉन्सिलला सूज आली असे समजावे.

दुखणे एक, कारणे दोन

पहिले कारण विषाणूंचे, म्हणजे सर्दी-पडशाच्या जातीचे. यात नाक गळते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात. मुलांचे बहुतेक घसे यानेच दुखतात. यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो. आठवड्याभरात मूल आपोआप बरे होते.

दुसरे कारण स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचे. हा विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो. ताप एकदम चढतो, घोट गिळवत नाही, जबड्याखाली गाठी येऊन हात लावला तरी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात. मात्र सर्दी-खोकला सहसा नसतो. कधी अंगावर खरखरीत लाल पुरळही येते. हे दुखणे डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. नुसते पाहून डॉक्टरांनाही कधी कधी खात्री होत नाही. मग ते घशातला स्राव तपासायला सांगतात.

घसा बरा, पण हृदय?

स्ट्रेप्टोकोकसचा घसाही चार-पाच दिवसांत थांबल्यासारखा वाटतो. पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी घोटा, मग कोपर. याला सांधेताप, म्हणजेच र्‍हुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना सूज येऊन त्या कायमच्या खराब होऊ शकतात. असे मूल पुढे जिना चढताना धापा टाकू लागते आणि एखाद्या मुलीचे दुखणे तर पहिल्या बाळंतपणातच उघडकीला येते. काही मुलांचे हातपाय आपोआप हलू लागतात. लोक त्याला चाळे समजतात किंवा बाहेरची बाधा म्हणतात. तो आजार आहे, त्याला दवाखानाच हवा.

हा रोग दाटीवाटीच्या वस्त्यांत जास्त आढळतो. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, तिथे एकाच्या घशातला जंतू दुसऱ्याच्या घशात सहज जातो. म्हणजे हा आजार आपल्यासारख्यांच्याच घरांचा आहे.

सांधेताप टाळता येतो, ही यातली मोठी दिलाशाची गोष्ट. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी तो सहसा टळतो. तेव्हा रोजी बुडते म्हणून एक-दोन दिवस उशीर झाला, तरी ‘आता काय जायचे’ असे म्हणू नये. जावेच.

औषध पुरे घ्यावे

स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलीन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन हीच नेहमीची औषधे. ती काही नवी किंवा महागडी नाहीत. पेनिसिलीनचा शोध १९२८ सालचा. ते देशातच तयार व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. गोळ्या साधारणपणे १० दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी मूल हसू-खेळू लागले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. घशातले जंतू अजून पुरते मेलेले नसतात. एवढे दिवस गोळ्या देणे जमणार नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्याऐवजी पेनिसिलीनचे एकच इंजेक्शनही देता येते. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर ते आधी सांगावे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नये आणि शेजारणीच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मुलाला देऊ नयेत.

घरी काय करावे?

दुखणे कोणत्याही कारणाचे असो, घरची सेवा तीच.

१) पाणी आणि पातळ अन्न : तांदळाची पेज, मुगाचे पातळ वरण, नाचणीची आंबील, मऊ भात द्यावा. मूल एकदम खाणार नाही. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. उपाशी ठेवू नये. गार दूध किंवा गार पाण्याने घशाला बरे वाटत असेल तर द्यायला हरकत नाही.

२) गुळण्या : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला गुळण्या नीट जमत नाहीत, ठसका लागतो. त्याला सांगू नयेत.

३) मध : कोमट पाण्यातून एक चमचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये.

४) तापासाठी पॅरासिटॅमॉल : वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान सहा तास असावेत आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. सिरपच्या बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या असतात. ५ मिलीलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल, तर २० किलोच्या मुलाला ५ मिलीलिटर पुरे. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून बाटली वाचून घ्यावी. अ‍ॅस्पिरीन मुलांना देऊ नये.

५) वेगळा पेला, वेगळा टॉवेल : खिडकी उघडी ठेवावी, खोकताना तोंडावर रुमाल धरायला शिकवावे. अँटिबायोटिक सुरू होऊन एक दिवस होईपर्यंत आणि ताप उतरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये.

बोटाने पडजीभ उचलणे, गाठी दाबणे, गळ्याला चुन्याचा लेप लावणे हे प्रकार बंद करावेत. त्याने जखम होते, कातडी भाजते.

ताबडतोब दवाखाना गाठा

मुलाला श्वास घ्यायला त्रास होत असेल, स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, एकाच बाजूला फार सूज असेल, आवाज घोगरा-गुदमरल्यासारखा झाला असेल, आठ-दहा तास लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी थांबू नये. घशात करड्या रंगाचा पापुद्रा दिसला आणि मान सुजली तर तो घटसर्प असू शकतो. घटसर्पाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड ते दोन वर्षांदरम्यान, ५ ते ६ वर्षांदरम्यान आणि पुढे १० व १६ व्या वर्षी. कार्ड काढून पाहा, एखादी चुकली असेल तर द्या.

घसा बरा झाल्यावर तीन आठवड्यांत सांधे सुजले, तोंडावर सूज आली किंवा लघवी काळपट झाली तरी डॉक्टरांकडे जावे आणि ‘मागे घसा दुखला होता’ हे आवर्जून सांगावे. एकदा सांधेताप झाला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकवू नये; त्यावरच झडपा टिकतात.

ऑपरेशन कोणाला?

प्रत्येकाला नाही. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा जोराचे दुखणे झाले तर डॉक्टर टॉन्सिल काढण्याचा विचार करतात. झोपेत मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास अडतो, तेव्हाही सल्ला घ्यावा. म्हणून प्रत्येक दुखण्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि केसपेपर जपून ठेवा. आईच्या हातातली ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आणि आज एक काम करा. घरातला औषधाचा डबा उघडा आणि मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बाजूला काढा. त्या पुढच्या वेळी कोणालाही द्यायच्या नाहीत.