मालकाचे कुलूप आणि आमची साधनशुचिता

ज्ञान हे सामाईक धन आहे आणि त्याला कुंपण घालण्याचा अधिकार कोणा भांडवलदाराला नाही, हा विचार आपल्यापैकी कोणालाच परका नाही. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांनी समाजवादाचे नाव घेतले नव्हते. तथापि प्रोग्राम वापरण्याचे, त्याची मूळ संहिता अभ्यासण्याचे, ती बदलण्याचे आणि इतरांना वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याच्या हाती असावे ही मागणी आपल्याच परंपरेत शोभणारी आहे. आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी संगणकांवर मुक्त प्रणाली बसविल्या ह्याचा आम्हाला आनंद आहे. परंतु ह्याच मंडळींपैकी काहींच्या तोंडी आता एक नवे सोवळे ऐकू येते. 'कंपनीची बंदिस्त दुरुस्ती आम्ही संगणकात येऊ देणार नाही, मग ती सुरक्षेसाठी का असेना!' ही भूमिका बाणेदार वाटते. ती चुकीची आहे, आणि चळवळीला घातक आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ३ जानेवारी २०१८ रोजी 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' ह्या नावांचे दोष जगजाहीर झाले. ते कोणा प्रोग्रामातले नव्हते, प्रोसेसरच्या घडणीतलेच होते. वेळ वाचविण्यासाठी प्रोसेसर पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच उरकून ठेवतो. अंदाज चुकला की ते टाकून देतो. पण टाकलेल्या कामाच्या खुणा मागे राहतात, आणि त्या खुणांवरून एका प्रोग्रामाला दुसऱ्याची गुपिते वाचता येतात. ह्यावरचे काही उपाय लिनक्समध्ये, म्हणजे उघड्यावर, करता आले. काही मात्र प्रोसेसरच्या पोटातील सूक्ष्म आज्ञावलीत, मायक्रोकोडमध्येच, करावे लागले. हा मायक्रोकोड इंटेल आणि एएमडी ह्या कंपन्यांचा. त्याची मूळ संहिता त्या कोणाला दाखवीत नाहीत, आणि आजच्या प्रोसेसरना कंपनीची सही नसलेला मायक्रोकोड चालत नाही.

आमच्या सोवळ्या मित्रांचा आक्षेप इथे येतो: हे बंदिस्त सॉफ्टवेअर आहे, म्हणून ते त्याज्य. ठीक. पण दुरुस्ती नाकारल्यावर तुमच्या प्रोसेसरमध्ये काय उरते? जुना मायक्रोकोड. तोही त्याच कंपनीचा, तितकाच बंदिस्त, कारखान्यातूनच आत बसून आलेला. फरक इतकाच की त्याला भोक आहे! मालकाचे नवे कुलूप नको म्हणून मालकाचेच मोडके कुलूप दाराला ठेवणे, ह्याला साधनशुचिता म्हणावयाचे काय? गंमत अशी की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे उपकरणांना प्रमाणपत्र देण्याचे निकषही ह्याच भेदावर उभे आहेत. दुय्यम चिपमध्ये कायमचा कोरलेला, बदलता न येणारा बंदिस्त प्रोग्राम तेथे क्षम्य ठरतो. तोच प्रोग्राम डिस्कवरून चढविला की पाप होते. जे बदलता येत नाही ते यंत्रच समजावे, हा त्यामागचा तर्क आम्ही जाणतो. पण त्याचे फलित असे की उपकरण जितके दुरुस्तीपलीकडचे, तितके ते शुद्ध.

पोथीनिष्ठा ह्याच्याही पुढे गेली. बंदिस्त भाग गाळून तयार होणाऱ्या 'लिनक्स-लिब्रे' ह्या कर्नेलमध्ये, मायक्रोकोड अद्ययावत करा असे सांगणारी स्पेक्टरविषयीची सूचनाही २०१८ पासून गाळली गेली. अमुक औषध घेऊ नका असा सल्ला एक वेळ समजू शकतो. रोग असल्याचेच रोग्याला न सांगणे कोणत्या स्वातंत्र्यात बसते?

कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न खरे तर पडूच नये. यंत्र मालकाचे होते, त्यावर बसवावयाची संरक्षक जाळीही मालकाचीच होती. म्हणून उत्पादनसाधने समाजाची होईपर्यंत आम्ही उघड्या पट्ट्यावरच बोटे तोडून घेऊ, असे कोणत्याही युनियनने म्हटले नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले, आणि कामगारांनी ती जाळी हक्क म्हणून वसूल केली. जाळी मिळाली म्हणून मालकी मान्य केली, असा अर्थ कोणी काढला नाही.

आणि बोटे कोणाची तुटतात हेही पाहावे. निष्णात प्रोग्रामर आपली काळजी घेतो. नको त्या संकेतस्थळांचा प्रोग्राम तो आपल्या यंत्रात चालूच देत नाही. धोका आहे तो युनियनच्या कचेरीत एकाच संगणकावर सभासदांची यादी, देणग्यांचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्या कार्यकर्त्याला. भीमा कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये कागदपत्रे बाहेरून घुसविली गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतील एका संगणक-तपास संस्थेने २०२१ साली काढला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही, आणि त्यात वर्णिलेला मार्ग ई-मेलचा होता, प्रोसेसरचा नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्यांच्या संगणकात कोणी शिरू पाहणार नाही अशी खात्री देता येत नाही, अशा माणसांना तत्त्वाच्या नावाने एक दार उघडे ठेवावयास सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे व्यवहारचतुर मित्र खूष झाले असतील. 'आम्ही हेच म्हणत होतो. कंपनी देते ते घ्यावे आणि कामाला लागावे.' त्यांनी घाई करू नये. २०१८ च्याच जानेवारीत इंटेलची पहिली दुरुस्ती इतकी सदोष निघाली की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले, आणि २२ तारखेला ती वापरू नका असे कंपनीलाच सांगावे लागले. एप्रिलमध्ये इंटेलने प्रोसेसरच्या कित्येक जुन्या पिढ्यांसाठी दुरुस्तीचे काम थांबविल्याचे जाहीर केले. आमचा खरा कज्जा इथे आहे. जुने, हातफेर झालेले संगणक वापरतो कोण? लहान शाळा, ग्रंथालये, आमच्यासारख्यांच्या कचेऱ्या. मालक दुरुस्ती करीत नाही आणि सहीची किल्ली त्याच्याच खिशात असल्याने दुसऱ्या कोणालाही करता येत नाही. पावित्र्यवादी भांडतात दुरुस्तीशी. भांडण असावयास हवे किल्लीशी.

आणि भांडता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटेलने नव्या मायक्रोकोडच्या परवान्यात एक अट घुसविली: दुरुस्तीनंतर संगणक किती मंदावला ह्याची मोजमापे प्रसिद्ध करावयाची नाहीत. डेबियनने ते मायक्रोकोड वितरित करण्याचे रोखून धरले, बाहेर ओरड झाली, आणि काही दिवसांतच कंपनीला परवाना बदलावा लागला. हे बळ कोठून आले? डेबियन ते पॅकेज आपल्या वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवीत होती म्हणून. ज्याने आधीच पाठ फिरविली, त्याच्या बहिष्काराची कंपनीला फिकीर कशाला?

त्याच डेबियनच्या सभासदांनी २०२२ साली मतदान घेऊन आपला सामाजिक करारनामा दुरुस्त केला, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर प्रस्थापनेच्या साधनातच देण्यास आरंभ केला. वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या नावाने, नको असेल त्याला नाकारण्याची सोय ठेवून. ह्याला कोणी शरणागती म्हणाले. आम्हाला तसे वाटत नाही. शरणागती तेव्हा होते जेव्हा कप्प्यावरची पाटी काढून टाकली जाते आणि बंदिस्त वस्तू मुक्त म्हणून खपविली जाते. तो धोका आहे, आणि सोय अंगवळणी पडली की पाटी वाचण्याचे कोणाला भान राहत नाही हेही खरे. त्यासाठी जागे राहावे लागेल. पण त्यासाठी वापरणाऱ्याला वेठीस धरण्याचे कारण नाही.

तेव्हा आपल्या कचेऱ्यांतील डेबियनवर मायक्रोकोडचे पॅकेज बसविलेले आहे की नाही, हे ह्याच आठवड्यात पाहून घ्यावे. लढा मात्र वरच्या पातळीवर न्यावा लागेल. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवर उभी आहे, मद्रासच्या आय.आय.टी.ने खुल्या आराखड्यावर 'शक्ती' प्रोसेसर घडविले आहेत. रचनात्मक कार्याची ही सुरुवात सार्वजनिक पैशातून झाली आहे, ती वाढली पाहिजे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, पण त्याचा रोख सॉफ्टवेअरवर होता, यंत्राच्या पोटातील किल्लीवर नव्हता. शाळांसाठी आणि सरकारी कचेऱ्यांसाठी लाखो संगणक विकत घेणाऱ्या राज्याने निविदेतच अट घालावी: ज्या दिवशी कंपनी दुरुस्ती देणे थांबवील, त्या दिवशी तिने मूळ संहिता आणि सहीची किल्ली सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन करावी. जिल्हा परिषदांतील आणि महापालिकांतील आपल्या सदस्यांनी संगणक खरेदीचा पुढचा प्रस्ताव सभेपुढे येईल तेव्हा ही उपसूचना मांडावी.